छत्तिसावी वाटी

१२ डिसेंबर, सोमवार
कारखान्यातून पत्र आलं. ह्यांच्या जागी क्लार्कची नोकरी मिळू शकते, पण लेखी परीक्षा द्यावी लागेल. जानेवारीअखेर. हिंदी, सामान्य ज्ञान, गणित. पास झाले तर पिपलानीतलं हे कारखान्याचं क्वार्टर राहील. नाहीतर माझ्या मिनीची दहावी आटोपली की सामान बांधायचं आणि अकोल्याला भावाकडे जायचं. भाऊ चांगला आहे, पण घर त्याचं आहे.
हे जाऊन दीड वर्ष झालं. गणित सुटून किती वर्षं झाली ते मोजायला गणितच लागेल.

१४ डिसें.
वरच्या मजल्यावरच्या खानवलकर वहिनी आपणहून खाली आल्या. लग्नाआधी शाळेत गणित शिकवायच्या. "दुपारी जेवण झालं की वर ये. भांडी मागाहून घास." फीचं विचारलं तर असं बघितलं की मी जीभ चावली. नाव फार लांब आहे, इथे ख.व. लिहीन.

१९ डिसें.
नफा-तोटा जमला. टाकी-नळ नाही. दोन नळ टाकी भरतात, तिसरा रिकामी करतो. म्हटलं, आधी तिसरा बंद करा ना. ख.व. म्हणाल्या, कंप्लेंट नंतर लिही, आधी उत्तर काढ. पोट धरून हसलो दोघी. किती दिवसांनी.

२३ डिसें.
वर्गात २३ मुलं, प्रत्येकाला एक वही. सुटी वही १० रु., डझनाचा गठ्ठा १०० रु. "न्यूनतम व्यय ज्ञात कीजिए," म्हणजे कमीत कमी खर्च काढा. एक गठ्ठा, अकरा सुट्या. २१०. पुस्तकात मागे उत्तर २००. म्हटलं, पुस्तक चुकलंय.
ख.व. : दोन गठ्ठे घे.
पण मुलं तेवीस. चोविसावी वही कोणाची?
ते विचारलंय का, म्हणे.
विचारलं नाही म्हणून काय झालं. आमची आई पोळ्यासुद्धा माणशी मोजून लाटायची. लागेल तेवढंच आणायचं, हे अंगात मुरलंय. वाद घालून खाली आले. चहासुद्धा घेतला नाही.

२४ डिसें.
गेले परत. राग नाकावर, पण गरज माझी. आज पेन्सिलींचं तसंच गणित. हात आपोआप सुट्या पेन्सिलींकडे गेला. परत चूक. मिनी म्हणते, "मम्मी, छोड़ ना, कोणाची वही ते गणितात नसतं." तिला कळतं, मला नाही.
ख.व. रागावल्या नाहीत. येताना आल्याच्या वड्या दिल्या, अभ्यासाला बसताना तोंडात टाक म्हणून. देवानं ही बाई नेमकी माझ्याच वर राहायला ठेवली.

८ जानेवारी, रविवार
बायकांचं हळदीकुंकू पुढच्या रविवारी, वर ख.व.कडेच. गेल्या वर्षीही वरच होतं. मी खाली दार लावून रेडिओ मोठा करून बसले होते, तरी बांगड्या ऐकू आल्याच. बोलावणं नव्हतं. कोणी मुद्दाम केलं असंही नाही, नवरा गेलेल्या बाईला बोलवत नाहीत, एवढंच. सबनीस काकू यादी करतात आणि त्या जुन्या वळणाच्या.
ह्या वर्षी वाण म्हणून स्टीलच्या वाट्या. ख.व. म्हणाल्या, खरेदीला तू चल, हिशेब तू कर, प्रॅक्टिस होईल.
वाट्यांना काय, हात कोणाचाही चालतो. असं मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली. हो म्हटलं.

१२ जाने.
बसने बिट्टन मार्केट. काकूंच्या यादीत पस्तीस, देवीपुढचं वाण आणि कामवाल्या धरून. दुकानदार म्हणाला, "खुल्ली पंद्रह की, दर्जन डेढ़ सौ, इससे कम नहीं होगा दीदी." मी लगेच : दोन डझन आणि अकरा सुट्या, चारशे पासष्ट. ख.व. पर्स उघडायला लागल्या आणि तेवढ्यात माझं मलाच दिसलं. तीन डझन घेतल्या तर चारशे पन्नास. "भैया, पूरे तीन दर्जन." पुस्तकातलं गणित दुकानात सुटलं एकदाचं. ख.व.नी शेंगदाण्याची पुडी घेतली, बक्षीस.
परतीच्या बसमध्ये पिशवी मांडीवर. म्हटलं, वहिनी, एक उरली. देवीची का?
"देवीची पस्तिसात आलीय."
मग कोणाची?
"तुझी."
 मग तोंडातून गेलंच, उरली म्हणून मला?
ख.व. म्हणाल्या, "उरली नाही गं. त्या एकीमुळे सगळ्या स्वस्त पडल्या."
पिपलानी येईपर्यंत शेंगदाणे तसेच राहिले.

१५ जाने., रविवार
गेले. जाऊ की नको करत साडी दोनदा बदलली, शेवटी मिनीने ढकललं. वर गेल्यावर सगळ्या क्षणभर थांबल्या. हळदीकुंकू सबनीस काकू लावत होत्या. माझ्यापाशी आल्या आणि करंडा घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या. मग तो ख.व.च्या हातात दिला. ख.व.नी लावलं, हळद आणि कुंकू दोन्ही. मला वाटलं, संपलं. पण वाटी काकूंनी स्वतः उचलून तिळगूळ घालून माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "परीक्षा कधी आहे?"
सांगितलं. "नीट दे," म्हणाल्या.
घरी येऊन खूप रडले. बरं वाटलं.

२९ जाने., रविवार
झाली. हिंदी ठीक. टाकी-नळ आलाच मेला, सोडून दिला. अजून दोन राहिले. आणि एक, सभेसाठी खुर्च्या भाड्याने. सुट्या की संचाने. ह्या वेळी पेन अडलं नाही. संचच घेतले, एक खुर्ची जास्तीची आली. असू दे, कोणीतरी येईल.
बाहेर ख.व. फाटकाशी उभ्या होत्या, थर्मास घेऊन. पेपर कसा गेला विचारलं नाही. चहा ओतला.

११ फेब्रु.
निकाल नाही. क्वार्टरचंही काही कळलं नाही. भावाचं पत्र, खोली रिकामी करून ठेवतोय म्हणतो. त्याचेही उपकारच.
संध्याकाळी पोळ्या करताना मोजल्या. मिनीच्या, माझ्या. मग एक अजून लाटली. मिनी म्हणाली, ही कोणाची?
म्हटलं, राहू दे.