पहारेकऱ्यांचे कान

१४ नोव्हेंबर

चि. बोक्यास, मावशीचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. तू कसा आहेस ते विचारत नाही, कारण तू खरं सांगणार नाहीस. इकडे थंडी पडायला लागली आहे. खालच्या कुलुपवाल्याने दुकान मुलाच्या ताब्यात दिलं आणि आता दिवसभर बाहेर खुर्ची टाकून त्याच मुलाच्या चुका काढत बसतो. जिन्यातला दिवा पुन्हा गेला आहे. झाल्या बातम्या.

फोन का नाही केला, असं विचारशील. फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला ‘असू दे गं मावशी’ म्हणतोस आणि मग मीही असू देते. या वेळी तसं करून चालणार नाही. मला तुझ्या खेळातल्या पहारेकऱ्यांच्या कानांबद्दल लिहायचं आहे. त्यावरून ऑफिसात तुझ्यावर काय वेळ आली आहे ते ताईने मला परवा सांगितलं. पुढच्या आठवड्यात बैठक आहे म्हणे, आणि पहारेकऱ्यांचं सगळं काम तुझ्याकडून काढून दुसऱ्या कोणाला द्यायचं घाटतंय. त्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं. पण मला मेलीला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, तेव्हा जरा सोस.

रविवारी मी कपाट आवरायला काढलं आणि आपल्या हेरांच्या व्हिडिओ गेमच्या मालिकेचे सहाही भाग टेबलावर ओळीने मांडले. पहिला आला तेव्हा तू शाळेत होतास. ताईची दवाखान्यात दुपारपाळी असायची आणि तू माझ्याकडे. आमच्या दातांच्या लॅबमधल्या पक्कडने, तारा वाकवणारा तो, त्याचं खेळायचं जुनं मशीन मला विकलं. मी म्हटलं, पोरगं दोन तास गप्प तरी बसेल. तू बसलास. मी नुसतं बघायला म्हणून शेजारी टेकले ती आजवर उठलेली नाही.

लोकांना या मालिकेतलं छपरांवरून पळणं आवडतं. मला त्यातलं थांबणं आवडलं. पाचशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा बंदरात, वाळत घातलेल्या चादरीमागे उभं राहायचं आणि नुसतं बघायचं. शाळेतल्या इतिहासात राजाने काय केलं ते होतं, ते मी पाठ करून विसरलेही. इथे राजाचा पहारेकरी कंटाळला की भिंतीला पाठ घासतो, हे मला दिसलं. कोळीण टोपली कुठल्या कमरेवर घेते, कोणत्या घराचं दार करकरतं, पावाच्या भट्टीपाशी मांजर कधी येतं. दिवसभर परक्यांच्या तोंडात बसणाऱ्या कवळ्या करून घरी आलं की असं दुसऱ्याच्या गल्लीत उभं राहायला मला फार बरं वाटायचं. माझ्याकडे कोणी बघत नाही आणि मी सगळ्यांकडे बघते आहे, यात एक सुख आहे. लग्नाकार्यात मी नेहमी खांबाआडची खुर्ची धरते, ती काही उगाच नाही.

कोणाला मारायचं नाही आणि कोणाला दिसायचं नाही. दिसलो की पुन्हा पहिल्यापासून. हा नियम खेळाचा नव्हता, आपल्या घरचा होता, आणि तू त्यापायी पुष्कळ रडलास. खेळ म्हणायचा की पकडला गेलात, आता पुढे बघा. आणि मी म्हणायचे, काही बघायचं नाही, बंद कर आणि परत सुरू कर. दुसऱ्या भागातलं ते काचकारांचं बेट आपण असंच पार केलं. तिथल्या भट्ट्यांचा उजेड भिंतीवर हलायचा आणि सावली कुठे पडेल याचा पत्ता लागायचा नाही. तुझे हात घामाने ओले व्हायचे, मग तू कंट्रोलर माझ्याकडे द्यायचास. तिसऱ्या भागाबद्दल मी आजही बोलणार नाही. हेराच्या हातात ढाल-तलवार देऊन त्याला लढाईवर पाठवणं म्हणजे मांजराला भुंकायला शिकवण्यातला प्रकार. चौथ्याने पुन्हा जरा लाज राखली. पाचव्याच्या वेळी तू त्याच कंपनीत नोकरीला लागलास, आणि सहाव्यात पहारेकरी तुझ्या हाती आले. कोणी काय ऐकायचं, किती लांबून ऐकायचं, कधी वळून बघायचं, सगळं तुझं. लॅबमध्ये पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले होते.

आणि मग ताईच्या वाढदिवसाला, सगळे जेवायला बसलेले असताना, तू व्हिडिओ कॉलवर हसत असताना, मी काय बोलले ते तुला पाठ असेल. “तुझे पहारेकरी भिंतीपलीकडचं ऐकतात. ही लपाछपी नाही, लबाडी आहे.” तू हसायचा थांबलास. ताईने मला टेबलाखालून पाय मारला. मी गप्प बसायला हवं होतं, पण सहाव्या भागातल्या धान्याच्या कोठारात मी सतरांदा पकडली गेले होते आणि माझं डोकं फिरलं होतं.

ते कोठार मला अजूनही आवडतं, हेही लिहून ठेवते. जमिनीवर दाणे सांडलेले, अनवाणी हेरीण, आणि पोत्यांच्या दोन थप्प्यांमधून जायचं. कंट्रोलरची दांडी अलगद ढकलली तर ती दबकत चालते. केसभर जास्त ढकलली की दाणा वाजतो आणि पहारेकरी मान वळवतो. माझ्यासारख्या माणसासाठीच तू ते केलं होतंस, हे मला कळत होतं. म्हणूनच जास्त राग आला.

महिन्याभराने खेळाची दुरुस्ती आली आणि पहारेकऱ्यांचे कान मंद झाले. कशासाठी ते मी लगेच ओळखलं. खोटं कशाला बोलू, आधी मला गुदगुल्या झाल्या. भाच्याने मावशीचं ऐकलं! जुने खेळणारे मात्र खवळले. कोणी लिहिलं की पहाऱ्यावरच्या सगळ्यांच्या कानांत कापूस घातलाय. एकाने तर हेरिणीला कोठारातून नाचवत नेलं आणि त्याचा व्हिडिओ टाकला. मीही तो बघून हसले, मग मशीन लावलं आणि कोठारात शिरले.

मला पकडलं. कापूस घातलेल्या पहारेकऱ्याने.

मी म्हटलं, कंट्रोलर बिघडला असणार. बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. तिथला मुलगा तोंडात काहीतरी चघळत होता. त्याने उभ्या उभ्या माझा कंट्रोलर दुकानातल्या मशीनला जोडला, त्याच भागात शिरला आणि दोन थप्प्यांमधून एकही दाणा न वाजवता पार गेला. कंट्रोलर ठणठणीत आहे म्हणाला. मी तो परत घ्यायला हात पुढे केला, त्याने हाताकडे बघितलं आणि मग उगाचच मागचं कपाट आवरायला लागला. सभ्य मुलगा आहे.

काल इथवर टाइप करून उठले. चहा केला, प्यायले नाही. आता लिहूनच टाकते.

मी डावखुरी आहे. दातही डाव्या हाताने बसवते, आणि खेळात चालायची दांडीही डाव्याच अंगठ्याखाली. तो अंगठा माझ्या ताब्यात राहिलेला नाही. बशीतला चमचा वाजायचा तेव्हा मी बशीला नावं ठेवली, खेळात पकडली गेले तेव्हा तुला. मग लॅबमधून गेलेली एक कवळी परत आली. मेणात बसवलेला वरचा सुळा तिरका होता, साध्या डोळ्यांनी दिसेल असा. मालक डबी माझ्यासमोर ठेवून गेले. तेव्हा मी मुकाट्याने मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी मला चिमटी उघडमीट करायला लावली, खोलीत इकडून तिकडे चालवलं, कागदावर गोल गोल रेघा काढून घेतल्या. कंपवात आहे म्हणाल्या. जाणारा नाही, गोळ्यांनी आवरता येईल, आणि किती भराभर वाढेल ते कोणाला सांगता येत नाही. मी विचारलं, दात बसवता येतील का. त्या म्हणाल्या, अजून काही दिवस. मला भीती वाटते, बोक्या. दुसरं कुठलंही काम मला येत नाही.

ताईला सांगितलेलं नाही. ती लगेच बॅग भरून येईल आणि मला चमच्याने भरवायला बसेल. तुलाही सांगणार नव्हते. पण त्या दिवशी तिचा फोन आला आणि मोठ्या कौतुकाने तिने तुझा पराक्रम सांगितला. तुझ्या साहेबीणबाईंनी विचारलं की चाचणीत एकही चूक सापडलेली नसताना कान कोणाच्या सांगण्यावरून मंद केलेस, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, “माझी मावशी पकडली जाते म्हणजे चूक आपल्याकडे आहे. तिचा हात चुकत नाही.” वर हेही म्हणालास म्हणे, की बदल मागे घ्यायचा असेल तर मला काढा. ताई हसत होती. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. माझ्यावर एवढा विश्वास आजवर कोणी ठेवला नव्हता, आणि तो नेमका आत्ता ठेवायची तुला अवदसा आठवली.

त्याच दिवशी मी पुन्हा कोठारात गेले. पकडली गेले आणि सवयीने बंद करणार होते, पण अंगठा बटणावर नीट पडेना. तशीच बघत बसले. तो पहारेकरी कंदील घेऊन जवळ आला. इतक्या वर्षांत मी यांना नेहमी पाठीकडून बघितलेलं, तोंड असं जवळून पहिल्यांदाच दिसलं. म्हातारा आहे रे तो. वरचे पुढचे दोन दात नाहीत आणि त्यामुळे गाल आत ओढलेले. बरोबर केलंस, तसेच ओढले जातात. मी त्याला बसून चांगली कवळी करून दिली असती. त्याने हेरिणीला धरून अंगणातून नेलं, तर बाहेर सकाळ झालेली! आपण त्या अंगणात कायम अंधारातच गेलो. विहिरीपाशी बायका पाणी भरत होत्या, त्या हिच्याकडे बघत होत्या, आणि एकीने विचारलं की काही खाल्लंस का. त्याने हिला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः धापा टाकत शेजारी बसला. मग कोठडी, मग चौकशी, मग कोठडीतून निघायची वेगळीच वाट. तास दीड तासाचा खेळ आहे तो. तू एवढं सगळं करून ठेवलंस, आणि मी ते कधी बघणार नाही हे तुला माहीत होतं.

माझ्या हट्टापायी पहिल्या पाच भागांतलंही असं किती राहून गेलं, कोण जाणे. आता बघणार आहे. पकडली जाण्याची मला काही वेगळी तयारी करावी लागणार नाही.

तर आता कामाचं. पहारेकऱ्यांचे कान होते तसे कर. आधी केलेस तेच बरोबर होतं. केसभर चुकलं की दाणा वाजलाच पाहिजे, नाहीतर मग हळू चालायचं कशाला? माझ्यासारख्या हातांसाठी काही सोय करावीशी वाटली तर ती उघड कर, सेटिंगमध्ये ठेव, ज्याला हवी तो घेईल. मीही घेईन, त्यात कसली लाज. पण एका मावशीसाठी सगळ्यांच्या कानांत कापूस घालू नकोस. आणि नोकरी सोडायची भाषा पुन्हा करशील तर मी ताईला घेऊन तिथे येईन. खरंच येईन.

बैठकीत उगाच शब्द शोधत बसू नकोस. हे पत्र साहेबीणबाईंच्या हातात दे. माझं आजारपण वाचलं जाईल म्हणून संकोच करू नकोस, मीच सांगते आहे. खेळात चूक नव्हती आणि पहारेकरी करणाऱ्याचीही नव्हती, एवढं त्यांना कळू दे. त्यांनी तरीही काम काढून घेतलं तर घेऊ देत, पण माझ्या अंगठ्यापायी नको.

उद्या मालकांना सांगणार आहे. ताईला तू सांगू नकोस, रविवारी मीच जाऊन सांगेन.

अक्षर वाचता येईना असं झालंय म्हणून सगळं टाइप केलं, लॅबमधल्या मशीनवर छापून घेते. खाली सही तेवढी हाताने करते आहे. बघून घे, आणि मग बैठकीला जा.

तुझी,
मावशी