प्रभुभोजनाचे रविवार

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मी आता रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात औषधं देते. मिक्श्चर आता कोणी हातानं बनवत नाही, गोळ्या पट्ट्यांमध्ये तयार येतात. तरी मी प्रत्येक नाव दोनदा वाचते. लोक म्हणतात, बाई फार काटेकोर आहेत. त्याचं कारण मी कोणाला सांगितलेलं नाही.

मिशनच्या दवाखान्यात तुम्ही कंपाउंडर होतात आणि मी औषधशास्त्राच्या पहिल्या वर्षाला. सुट्टीत तुमच्या हाताखाली मी बाटल्या भरत असे. ते नियमात बसत नव्हतं, पण तुम्हाला त्याचं कौतुक होतं. पोटात घ्यायचं औषध गुळगुळीत बाटलीत, चोळायचं औषध खाचांच्या बाटलीत, म्हणजे न बघताही बोटांना फरक कळावा. शिवाय चोळायच्या औषधावर लाल चिठ्ठी. त्या दिवशी खाचांच्या बाटल्या संपल्या होत्या. मी चोळायचं टर्पेन्टाइनचं औषध साध्या बाटलीत भरलं, चिठ्ठी नंतर लावू म्हणून बाजूला ठेवली, आणि खिडकीशी गर्दी झाली तेव्हा बाटली तशीच दिली. उमरेडचा एक म्हातारा विणकर त्यातले दोन चमचे प्यायला. घसा भाजला, उलटीबरोबर औषध फुप्फुसात उतरलं. तीन आठवडे तो वॉर्डात होता. वाचला.

चौकशीच्या दिवशी मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "बाटली मी भरली." तुमची नोकरी गेली. घरी येताना तुम्ही सायकल हातात धरून चालत होतात, मी शेजारी.

"तुम्ही खोटं काहून बोलले, बाबा?"

"तुले कॉलेजातून काढलं असतं. अन् बाटल्या तुह्या हातात मीच देल्ल्या. अर्धं तं माह्यंच हाये."

"अर्धं म्हणजे सगळं नाही."

"तू मोजत बस."

मला राग आला होता. शरमेपेक्षा राग सोपा जातो. मी म्हटलं, "दुसऱ्याचं पाप अंगावर घ्यायला तुम्ही काय येशू आहे का?" तुम्ही हसलात. "नाही वं. येशूनं माह्यं पाप उचललं, पण 'हे मीच केलं' असं खोटं नाही बोलला तो. मी बोललो."

मला तो विनोद वाटला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी, कळलं की तो विनोद नव्हता. ज्यानं कोणाचं वाईट केलं असेल, कोणाशी खोटं बोलला असेल, त्यानं आधी त्या माणसाशी ते नीट करावं आणि मग प्रभूच्या मेजाशी यावं, हे पाळकसाहेब दर वेळी सांगत आणि आपण सगळे दर वेळी ऐकून घेत असू. आपली रांग उठली. तुम्ही उठला नाहीत. आई आणि मी पुढे जावं म्हणून तुम्ही फक्त पाय बाजूला घेतलेत. मी गेले, भाकर घेतली, प्याला घेतला. घरातली दोघं बसून राहिली तर लोकांनी विचारलं असतं. असे अठरा रविवार झाले. दर वेळी तुम्ही पाय बाजूला घेतलेत आणि दर वेळी मी गेले.

एकदा मी म्हटलं, "देवाजवळ कबूल केलं ना? मग झालं." तुम्ही म्हणालात, "केलं. पण खोटं मी देवाशी नाही, माणसाइशी बोललो." ते खोटं मागे घ्यायचं तर माझं नाव सांगावं लागणार होतं. तुम्ही सांगितलं नाहीत, आणि 'तू सांग' असंही एकदाही म्हणाला नाहीत.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा तो विणकर भेटायला आला होता. आवाज घोगरा झाला होता त्याचा. खाटेशी बसून म्हणाला, "कंपाउंडर साहेब, तुमचं औषध तं भिवापुरी मिरचीच्याही वर निघालं जी!" तुम्ही पोट धरून हसलात. मग तो म्हणाला, "झालं ते झालं. माह्या मनात काही नाही, तुम्हीबी नोका ठेवू." मी चहा घेऊन उभी होते. क्षमा माझ्या डोळ्यांदेखत दिली गेली आणि मला मिळाली नाही. कप घेताना तो मला म्हणाला, "बापाची काळजी घेजो वं पोरी."

चर्चच्या मंडळीतली एक बाई येऊन म्हणाली की एवढं दुखणं उगाच येत नाही, काही लपलेलं असेल तर बोलून टाका. तुम्ही म्हणालात, "बाई, पोट हाये, बिघडलं. देव असा सूड घेत नाही." डॉक्टरांनी जठराचा कर्करोग सांगितला होता. वेदना किती असते हे मी पुस्तकात वाचलं होतं. तुमची प्रार्थना मी भिंतीपलीकडून ऐकत असे. आधी विणकराचा घसा, मग माझी परीक्षा, पोट सगळ्यांत शेवटी. पोटासाठी तुम्ही मागत होतात ते एवढंच, "मी ओरडू नये, पोरगी घाबरते."

शेवटच्या आठवड्यात, दुपारी, पाळकसाहेब भाकर आणि प्याला घेऊन घरीच आले. तुम्ही मान हलवलीत. आई रडू लागली. "घ्या नं जी, आता तरी. काहून असा हट्ट करून राहिले?" मी स्वयंपाकघरात तुमच्या इंजेक्शनची सुई उकळत होते. दार उघडं होतं. एक वाक्य पुरलं असतं, तीन शब्दांचं. मी घड्याळाकडे बघत उकळायची वीस मिनिटं पूर्ण केली. तोवर पाळकसाहेब गेले होते. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

आईला वाटतं, तुम्ही देवापासून तुटून गेलात. आपल्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत, पण ती करते. रोज संध्याकाळी म्हणते, "ह्याइच्या मनात जे काय होतं, ते माफ कर, प्रभू." आणि मी आमेन म्हणते.

गेल्या रविवारी प्रभुभोजनाला मी पहिल्यांदा बाकावर बसून राहिले. आईनं वळून विचारलं, "काहून वं?" मी म्हटलं, गुडघा दुखतो. संध्याकाळी ती तेल कोमट करून माझा गुडघा चोळत बसली. मी चोळू दिला.

आई आता पलीकडच्या खोलीत तांदूळ निवडते आहे. तिला वाचता येतं. हा कागद तिच्या हातात द्यायला सात पावलं लागतील. तुम्हाला लिहिणं सोपं गेलं, बाबा. तुम्हाला यातलं काहीच नवीन नाही.