आईचे सकाळचे डोळे

छत्रपती संभाजीनगर, ३ जून २०२५

ति. सोमेश्वरदादास,
रुद्राणीचा सा. न. वि. वि. तू फोन कापतोस, म्हणून पोस्टाने लिहिते. घडलं ते असं :

१. मार्चमध्ये मी काम करते त्या नेत्रालयात आईला सकाळी तपासलं.
२. डोळ्याच्या पुढच्या काचेच्या, म्हणजे कॉर्नियाच्या, आतल्या पेशी पाणी उपसतात. तिच्या झिजल्या आहेत. झोपेत डोळे मिटलेले असताना पाणी साचतं, उघडल्यावर वाऱ्यानं हळूहळू सुकतं. म्हणून सकाळी धूसर, दुपारी स्वच्छ.
३. डॉक्टरांनी खारे थेंब दिले. उठल्यावर हातभर अंतरावरून मंद वारा घ्यायला हेअर ड्रायर मी दिला.
४. तू तिला दुपारी शिबिरात नेलंस, तपासणीचा कागद घरीच ठेवलास आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नाव लावलंस.

मोतीबिंदू अजून कच्चा आहे. पेशी न मोजता काढला तर कॉर्निया कायमचा सुजू शकतो. मग दुपारचंही दिसणार नाही. नाव काढ.

लोभ असू दे, निदान आईवर.
रुद्राणी

पाली, ७ जून

चि. रुद्राणीस अनेक आशीर्वाद.
पत्र कसलं, नोटीसच धाडलीस. आई सकाळी दिसत न्हाई म्हणती अन् दुपारी सुईत दोरा ओवती. डोळा काय घड्याळ बघून चालतो का? तुझी वहिनी म्हणती, सासूबाईंचे डोळे भाकरी झाल्यावरच उघडतात. लई हसलो आमी. आई पण हसली.

दुकानातून मला दुपारीच सवड मिळती, म्हणून दुपारी नेलं. तुझं मशीन आमची तेजू केसाला वापरती. म्हातारीनं डोळ्याला वारा घ्यायचा म्हणजे गल्लीत तमाशाच. अन् मी बळजबरी केली न्हाई. आईच म्हणली, करून टाक ऑपरेशन, रोजचं ऐकणं तरी थांबंल. १९ तारीख ठरली हाय.

शानपणा कमी कर, जेवण वेळेवर कर. माया हाय तशीच हाय.
तुझा दादा

छत्रपती संभाजीनगर, ११ जून

ति. दादास सा. न.
आईनं ऑपरेशन का मागितलं, ते तू स्वतःच्या हातानं लिहिलं आहेस. पुन्हा वाच. दिसावं म्हणून नाही, तुमचं हसणं थांबावं म्हणून ती डोळा द्यायला तयार झाली.

सोंग वाटतं ना? हे पत्र आई उठल्या उठल्या तिच्या हातात दे आणि समोर बस. दुपारी पुन्हा दे. सकाळी तिला माझी सहीसुद्धा सापडणार नाही. तेव्हा हस, जमलं तर.

ड्रायर आईला परत दे; तेजूला मी दुसरा पाठवते. मोतीबिंदू काढायची वेळ येईल तेव्हा पेशी मोजून, कॉर्नियाच्या डॉक्टरांकडून काढू. झिजलेल्या पेशींचा थर बदलावा लागला तर तेही मी बघेन.

शिबिरातलं नाव काढलं की नाही, एवढंच मंगळवार, १७ जूनपर्यंत फोनवर कळव.
रुद्राणी