सगळं प्रभूवर सोपवलं आहे

५ मार्च, बुधवार
आजपासून लेंट, ईस्टरआधीचा उपासकाळ. ईस्टरपर्यंत चहा बंद. पहाटे पाचला उठून प्रार्थना. कोणावर चिडायचं नाही. कंपनीतल्या कटकटी कंपनीच्या गेटवरच सोडायच्या. आणि रोज ही डायरी, म्हणजे आत्मिक प्रगती दिसत राहील.
शोभाला संकल्प वाचून दाखवले. ती शाळेचे पेपर तपासत होती. मान वर न करता म्हणाली, चहा सोडा का नका सोडू, पहिले सिलेंडरचा नंबर लावा. कालपासून सांगून राह्यली.
उद्या लावतो.

६ मार्च
अलार्म वाजला. बंद कोणी केला ते कळलं नाही. अंथरुणातच प्रार्थना केली. प्रभू जागा पाहत नाही.
लोहाऱ्याला कंपनीत मार्च एंडिंगची बोंबाबोंब. आम्ही ठिबकच्या नळ्या बनवतो, डिस्पॅच माझ्याकडे. मॅनेजर देवसिंगसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, ढाणकीची गाडी अजून यार्डातच काहून उभी हाय? मी शांत राहिलो. छळ होत असताना शांत राहणं हीसुद्धा एक साक्ष आहे.
गाडीचे कागद माझ्या ड्रॉवरमध्ये निघाले.
चहा घेतला, पण कंपनीतला. त्याला चहा म्हणता येणार नाही.

९ मार्च, रविवार
मोठा दिवस! उपासनेनंतर पाळकसाहेबांनी बाजूला घेतलं. गुड फ्रायडेला वधस्तंभावर येशूने उच्चारलेल्या सात शब्दांवर मंडळीतले सात जण बोलतात. या वर्षी पाचवा शब्द, ‘मला तहान लागली आहे’, माझ्याकडे. मागच्या वर्षी माझ्याकडे खुर्च्या होत्या.
घरी येताना स्कूटरवर शोभाला सांगितलं. मागे बसून ती बराच वेळ बोललीच नाही. मला वाटलं, अभिमानाने. मग म्हणाली, मले गळ्यात गाठ लागून राह्यली. हात लावून पाहा.
चौकात गाडी थांबली तेव्हा हात लावला. बोरापेक्षा मोठी.
म्हटलं, आजपासून रोज त्यासाठी प्रार्थना करू. ती म्हणाली, करा. अन् डॉक्टरचाही नंबर लावा.

११ मार्च
प्रार्थना सुरू आहे. डॉक्टरचा नंबर शोभानेच लावला. सिलेंडरचाही.

१३ मार्च
एकट्याची प्रार्थना कमी पडते म्हणून मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शोभाची गाठ टाकली. पंधरा मिनिटांत जोडलेल्या हातांचा पूर आला. नागपूर, अमरावती, एक तर दुबईहून. भरून आलं.
शोभाला बाजारात भाजीवाल्या बाईने विचारलं, गाठ कशी आहे. घरी येऊन शोभा बोलत नाही. म्हणाली एवढंच की, गळा माझा हाय, तुमच्या ग्रुपचा नाही.
विश्वासाच्या वाटेवर घरातून विरोध होतोच.

१८ मार्च
डॉक्टरकडे गेलो. मीही गेलो, हे लिहून ठेवतो. फक्त स्कूटर लावायला जागा मिळेना. एका ठिकाणी लावली तर वॉचमन ओरडला. दुसरीकडे ऊन होतं, सीट तापली असती. तिसरी जागा चांगली मिळाली, पण तोवर शोभा आणि प्राची बाहेर आल्या होत्या. प्राची माझी मुलगी, बीएस्सीला आहे. तिने सांगितलं, सुई टाकून पाणी काढलं, आई ओरडली नाही.
मला हॉस्पिटलच्या वासाचा त्रास होतो. हे सगळ्यांना माहीत आहे.

२४ मार्च
रिपोर्ट आला. कॅन्सर आहे असं नाही, नाही असंही नाही. डॉक्टर म्हणाले, काढून टाका, नागपूरला, उशीर करू नका.
शोभाने कुकर लावला. तीन शिट्ट्या होईपर्यंत दोघंही त्याच्याकडेच पाहत होतो. मी म्हटलं, आपण सगळं प्रभूवर सोपवू. ती म्हणाली, प्रभूवर सोपवा, पण सुट्टी तुमाले मागा लागेल.

१ एप्रिल
मार्च संपला. ऑपरेशनची तारीख मिळाली, १५ एप्रिल. आदल्या दिवशी भरती.
आठवडाभराची सुट्टी मागायची. साधी गोष्ट. उद्या सकाळी पहिलं काम तेच. प्रार्थना करून, ताठ मानेने केबिनमध्ये जायचं.

२ एप्रिल
साहेब फोनवर होते.

३ एप्रिल
साहेब मोकळे होते, पण चेहरा ठीक नव्हता. प्रभूकडे चिन्ह मागितलं. साहेब हसले तर आत जाईन. दिवसभर काचेतून लक्ष ठेवलं. जेवणाच्या सुट्टीत हसले, पण तेव्हा माझा हात वरणात होता.

५ एप्रिल
आज साहेबांनीच बोलावलं. म्हणाले, वामनराव, एप्रिलात माल दुप्पट जाणार हाय, तुमच्याशिवाय कोणाले जमत नाही. मी म्हटलं, हो साहेब. आणखी काही हाय का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही साहेब.
 हा माणूस मला सोडणार नाही. चारही बाजूंनी दार बंद. अशा वेळीच विश्वासाची खरी परीक्षा असते.

८ एप्रिल
भाषणाची तयारी जोरात. आरशासमोर उभा राहून बोललो. तहान म्हणजे केवळ पाण्याची नाही, तहान म्हणजे जवळ कोणीतरी असण्याची. हे वाक्य मलाच फार आवडलं, दोनदा म्हटलं. प्राची दारात उभी होती. म्हणाली, बाबा, सुट्टीचं काय झालं?

९ एप्रिल
शोभाने विचारलं. सांगितलं, साहेब नाही म्हणाले.
हे खोटं नाही. मी मागितली असती तर ते नाहीच म्हणाले असते, हे त्यांच्या एकूण वागण्यावरून स्पष्ट आहे. फक्त मधली पायरी गाळली.
 संध्याकाळी शोभाने बाभुळगावला बहिणीला, संगीताला, फोन केला. आतल्या खोलीतून.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
मिरवणुकीत पुढे होतो. ऊन जबरदस्त. पाळकसाहेबांनी शोभासाठी विशेष प्रार्थना केली आणि म्हणाले, वामनभाऊ कामाच्या जुलमात अडकले आहेत, त्यांच्यासाठीही करू. सगळ्यांनी डोळे मिटले. मी थोडे उघडे ठेवले होते. शोभाचेही उघडे होते. माझ्याकडेच पाहत होती.

१४ एप्रिल, सोमवार
निघाल्या. संगीता सकाळीच आली. दारात एक पांढरी गाडी आली, ड्रायव्हरसकट. मला वाटलं, संगीताने केली असेल. प्रभू वाट काढतो ती अशी.
शोभाने फ्रिजमध्ये काय कुठे ठेवलं ते सांगितलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायला लागलो, तर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. गाडीत बसताना ती म्हणाली, तुमी तुमच्या टायमावर जा ड्युटीवर.
आज सुट्टी होती, पण डिस्पॅच चालू होतं. गेलो. घरी काय करणार.

१५ एप्रिल
साहेब यार्डात आले आणि मला पाहून जागच्या जागी उभे राहिले. तुमी इथं काय करून राह्यले?
म्हटलं, नांदेडची गाडी भरतोय.
साहेब हळू आवाजात बोलायला लागले. ओरडले असते तर बरं झालं असतं. परवा सायंकाळी तुमच्या मिसेसचा फोन आलता. साहेब, फक्त एका दिवसाची तरी सुट्टी द्या म्हणे माझ्या मालकाले. मले तं काही माहीतच नव्हतं. म्या म्हटलं, ताई, एक दिवस कायले, पुरे पंधरा दिवस घ्या. घरची गाडी पाठवली. माझ्या याडीच्या वेळेस मी महिनाभर गेलतो नागपूरले.
याडी म्हणजे त्यांची आई. आजूबाजूला हमाल उभे होते.
मग म्हणाले, मले सांगाचं तं होतं, वामनराव. मी काय राक्षस हावो?
स्वतःच्या मोटरसायकलवर बसवून त्यांनी मला बसस्टँडवर सोडलं.  पाण्याची बाटली घेऊन हातात दिली आणि गेले.
नागपूरची गाडी समोर लागलेली होती. प्राचीचा फोन आला, आईला आत नेलं. तिचा आवाज बारीक झाला होता. म्हणाली, बाबा, तुम्ही कुठे आहात. म्हटलं, निघालोच.
कंडक्टरने दोनदा विचारलं, नागपूर का? पाय उचलला नाही. गाडी गेली. दुसरी लागली. तीही गेली.
मग चर्चमध्ये जाऊन बसलो. कुलूप होतं, म्हणून पायरीवर. तिथून मी तिच्या जास्त जवळ होतो, आत्मिक दृष्टीने.
भीती वाटली. हे वाक्य नंतर खोडायचं आहे.

१६ एप्रिल
गाठ काढतानाच तपासली. कॅन्सर नाही. प्राची फोनवर रडत होती, मीही रडलो. प्रार्थनेचं उत्तर! ग्रुपवर टाकलं. आभाराच्या हातांचा पूर. कोणीतरी लिहिलं, वामनभाऊंच्या विश्वासाचं फळ.
आता अडचण अशी. कंपनीत जाता येत नाही, साहेबांना वाटतं मी नागपूरला आहे. नागपूरला जाता येत नाही, कारण काल का आलो नाही ते सांगावं लागेल. ग्रुपवाल्यांनाही वाटतं, बातमी मी नागपूरहूनच टाकली. म्हणून दाराला आतून कडी, पडदे ओढलेले. पंखा एकवर, म्हणजे आवाज जाणार नाही. शेजारच्या नंदाबाईंनी कडी वाजवून पाहिली. श्वास धरून बसलो.
फ्रिजमध्ये तीन डबे. शोभाने त्यांवर चिकटपट्टी लावून वार लिहिलेत. शुक्रवारपर्यंतचे. म्हणजे मी येणार नाही हे तिने धरूनच ठेवलं होतं.

१७ एप्रिल
घरातच. चहा चार वेळा. लेंट तसंही संपत आलं.
प्राचीचा फोन. आईला सुरुवातीला पाणी द्यायला मनाई होती, ओठ ओले करत होते म्हणाली. आता थोडं थोडं पिते. आवाज बसला आहे. मी म्हटलं, आईला दे. ती म्हणाली, आई नको म्हणते, बोलायला त्रास होतो.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
भाषण होतं, जावंच लागलं. पाळकसाहेबांना सांगितलं, नागपूरहून खास यासाठी आलो. ते गहिवरले.
चौथा शब्द संपला. मी उभा राहिलो. सुरुवात छान झाली. मग ते वाक्य आलं, जवळ कोणीतरी असण्याची तहान. तोंडातून अर्धंच निघालं. प्राची कापसाने शोभाचे ओठ ओले करतेय, असं दिसायला लागलं. पुढचं काही आठवेना. समोर सगळे पंखे, सगळे चेहरे. मी माईक धरून उभा. किती वेळ, कोण जाणे. शेवटी आमेन म्हणून खाली बसलो.
बायका डोळे पुसत होत्या. उपासनेनंतर लोकांनी हात हातात घेतले. पाळकसाहेब म्हणाले, इतक्या वर्षांत पाचवा शब्द कोणी असा पोचवला नाही.
मी थँक्यू म्हटलं.

१९ एप्रिल
दुपारी शोभा घरी आली. साहेबांचीच गाडी. गळ्याला पांढरी पट्टी. मी उतरवायला धावलो, पण एका बाजूने प्राचीने आणि दुसऱ्या बाजूने संगीताने धरलं होतं. मला पिशवी मिळाली.
मी काही सांगायला लागलो तर तिने हात वर केला. बोलायला त्रास होतो ना.

२० एप्रिल, ईस्टर
शोभा नको म्हटलं तरी आली. पाळकसाहेब म्हणाले, आज आपल्यात मोठी साक्ष आहे, वामनभाऊ, पुढे या. मी उठलोच होतो. तेवढ्यात शोभाने हात वर केला. मी बोलते.
घोगरा, फुटका आवाज. माईक तोंडाजवळ धरावा लागला. लहान पोरंही गप्प. तिने प्रभूचे आभार मानले. डॉक्टरांचे. प्राचीचे, जी खुर्चीवर बसून झोपली. संगीताचे, जी घरदार टाकून आली. देवसिंगसाहेबांचे, म्हणाली, ते माझ्या ओळखीचेही नव्हते, एका फोनवर गाडी पाठवली. मग आमेन म्हणून बसली.
मंडळी माझ्याकडे वळून हसली. मीही हसलो. भुलीच्या औषधाने नावं विसरतात माणसं, मी वाचलं आहे कुठेतरी. शिवाय घरच्या माणसाचं नाव घ्यायचं नसतं.
दुपारी ती पडली होती. पंखा तिच्याकडे वळवला आणि सहज विचारलं, सकाळी माझं नाव विसरली वाटतं.
ती म्हणाली, नाही. विसरली नव्हती.
  प्रार्थना सुचत होती, पण मोठ्याने म्हणायची हिंमत झाली नाही.
टाके गुरुवारी काढायचे आहेत. म्हटलं, मी येतो.
डोळे मिटूनच ती म्हणाली, बघा.