एका कणाचे पावणेदोन सेकंद

३ मार्च, सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी, इतरांना झेपणार नाही. संकल्प: बॉयलरमध्ये कोळशाचा कण कसा जळतो याचं कॉम्प्युटर मॉडेल महिन्याभरात पूर्ण. मग मॉडेलिंगच्या नव्या विभागाच्या प्रमुखाची खुर्ची. तिच्या लायकीचा दुसरा माणूस कारखान्यात नाही.

७ मार्च
सगळे कण गोल धरले. सारख्याच आकाराचे. बायको म्हणाली, कोळसा कुठं गोल असतो? तिचा विषय इतिहास. सोडून दिलं.

१२ मार्च
लॅबवाल्या बाईंनी कोळशाचा तीन पानी रिपोर्ट पाठवला. आकडे पहिल्याच पानावर. उरलेली दोन पानं पगार हलाल केल्याचं दाखवायला. ती घडी करून टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घातली. प्रथमच लॅबचा काही उपयोग झाला.

१९ मार्च, दुपारी
मॉडेल चाललं! कण पावणेदोन सेकंदांत खाक. निष्कर्ष: कोळशाबरोबर सोडतात ती गरम हवा तीस टक्के जास्त आहे. इतकी वर्षं सगळे झोपले होते.
चीफसाहेब म्हणाले, आधी बॉयलर ऑपरेटरला विचारा. गाढवाला गुळाची चव काय? तरी फोन केला. म्हणाला, कोळसा ओला येतोय साहेब, हवा कमी नका करू, एकदा खाली येऊन बघा तरी. भट्टीच्या काचेतून डोळे बारीक करून ज्वाळा बघणं, याला मी शास्त्र मानत नाही. शिवाय खाली एसी नाही, म्हणून आजवर मी तिकडे गेलोच नाही.

२६ मार्च
आठवडाभर चीफसाहेबांच्या मागे लागलो. शेवटी वैतागून चाचणीला हो म्हणाले. त्याला मी पटणं म्हणतो.

२७ मार्च, सकाळी ७
आज चाचणी. नवा शर्ट. बायकोला म्हटलं, संध्याकाळी दार विभागप्रमुखाला उघडशील. म्हणाली, उघडते, पण विभागप्रमुखांनी येताना दूध आणावं.

११.४०
हवा कमी केली. सहा मिनिटांत ज्वाळा विझली. बॉयलर बंद, कारखाना बंद. ऑपरेटरनं काहीतरी घोळ घातला असणार.

दुपारी ४
लॅबवाल्या बाई आल्या. दुसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं म्हणे: नमुना वाळवून तपासला आहे, पाण्याचं प्रमाण पान तीनवर. आपल्या कोळशात जवळजवळ पाव हिस्सा पाणी असतं. तो वाळवायलाच ती गरम हवा. मी मॉडेलमध्ये जाळला तसा कोरडा कोळसा इथं कधी आलाच नाही.
म्हणजे मॉडेल बरोबर आहे. कोळसा चुकीचा आहे.

२८ मार्च
चीफसाहेब मला खाली बॉयलरपाशी घेऊन गेले आणि सगळ्यांदेखत झाडलं. नवा विभाग लॅबवाल्या बाईंकडे दिला. मान वर करवेना. शेवटी ऑपरेटरच मध्ये पडला. माझ्या पाठीवर हात ठेवून चीफसाहेबांना म्हणाला, जाऊ द्या साहेब, नवीन आहेत, शिकतील हळूहळू.
मला या कारखान्यात एकोणीस वर्षं झाली.