दोघांपुरती बॅग

१० जुलै, सकाळ
भूकंपाचा धक्का. कपाटाची काच वाजली. मी शांत होतो. बनियनवर अंगणात धावलो तो शेजाऱ्यांना धीर द्यायला. आजपासून घरात इमर्जन्सी बॅग. रिटायर्ड हेडमास्तरच्या घरात गाफीलपणा शोभत नाही.

१२ जुलै
बॅग तयार. टॉर्च, शिट्टी, बिस्किटं, चिवडा, दोघांची आधार कार्डं, रेणुकाच्या बीपीच्या गोळ्या, तिची एक साडी, जुना चष्मा. संध्याकाळपर्यंत चिवडा संपला. क्वालिटी तपासायला हवीच होती.

१५ जुलै
ड्रिल सुरू. शिट्टी वाजली की बायकोने अंगणात येऊन हजेरी द्यायची. पटावर एकच नाव, तेही गैरहजर. म्हणाली, "पोळी तव्यावर हाय." शेरा मारला. हिचं माहेर किल्लारीजवळ. त्र्याण्णवच्या भूकंपात आई गेली. म्हणजे अनुभव आहे, शिस्त नाही.

२० जुलै, रात्र
त्या भूकंपानंतर तिच्या माहेरी उशाशी भांड्यांची उतरंड रचून झोपत. जमीन हलली की भांडी कोसळणार, माणूस जागा होणार. हे तिनेच सांगितलेलं. आज दुपारी ती झोपल्यावर मी उतरंड रचली आणि पायाने ढकलली. रिझल्ट उत्कृष्ट. रेणुका अनवाणी थेट अंगणात. फक्त "आई, आई" ओरडायला नको होतं, सूचना ऐकू येत नाहीत. नंतर अंधार पडेपर्यंत कडुलिंबाखाली बसून राहिली. हजेरी मांडली.

२१ जुलै
तिचा भाऊ बसलिंगप्पा तिला लातूरला घेऊन गेला. जाताना म्हणाला, "दाजी, तुम्ही लई शिकलेलं माणूस." कौतुकच असावं. चार दिवसांत येईल. हवापालट.

३ ऑगस्ट
फोन बसलिंगप्पाने उचलला. ताई झोपली हाय म्हणाला. सकाळी अकराला. तिथे तिला झोप बरी लागते म्हणे.

१६ ऑगस्ट
बॅग नांदेडला, माणूस लातूरला. प्लॅनिंगमधली त्रुटी. वरण करायला गेलो, करपलं. इमर्जन्सीची बिस्किटं फोडली. घर खायला उठतं. उद्या बॅगच घेऊन जातो. एवढी तयारी बघून कुणाचंही मन वळेल.

१७ ऑगस्ट, परतीच्या बसमध्ये
रेणुकाने चहा केला. मी एकेक वस्तू काढून दाखवली. तिने सगळं नीट पाहिलं. मग आपल्या गोळ्या, साडी, चष्मा, आधार कार्ड बाजूला काढलं आणि उरलेल्या बॅगेची चेन लावून माझ्याकडे सरकवली. कधी येतेस विचारलं. म्हणाली, "त्या दिवशी मी आईला हाका मारत होते आन् तुम्ही हजेरी घेत होता. आता न्हाई येत मी." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

अहमदपूरला सगळे चहाला उतरले. मी उतरलो नाही, रडू येत होतं. रेणुका येणार नाही. हे इथेच लिहून ठेवतो. नांदेड येईपर्यंत ते खोडायला मला काहीतरी कारण सुचेल.