ओली भिंत

१२ एप्रिल १९७३, जत

आज घरी आले. साताऱ्याहून निघालेली एसटी मिरजेला बदलली आणि दुपारी धुळीने माखून जतला उतरले. आनंदाने कुलूप उघडलं.

तीस वर्षं छावणीच्या क्वार्टरांत संसार केला. भिंती सगळीकडे त्याच सरकारी पिवळ्या. खिळा ठोकायचा तरी वर विचारावं लागे. हे म्हणायचे, पेन्शनीत निघालो की माझ्या मुलखात घर घेऊ, मग तू हवा तो रंग दे, कोणी तपासायला येणार नाही. घर त्यांनी घेतलं. राहायला मात्र त्यांच्या माघारी मी एकटी आले.

तीन खोल्या एकामागे एक आहेत: सोपा, मधली खोली आणि स्वयंपाकघर. मागे परसू, तिथे एक बाभूळ. भिंती कळकट झाल्या आहेत, पण जाड आणि गार आहेत. शेजारच्या आक्काताई पाटील भाकरी आणि शेंगांची चटणी घेऊन आल्या. जैन घर आहे, म्हणून सूर्य मावळायच्या आत जेवून घ्या असं मलाही सांगून गेल्या. मला त्या सुभेदारीणबाई म्हणतात.

शालन मे महिन्यात येईल. पहिलं बाळंतपण आईच्या घरी. जावई फलटणला साखर कारखान्यात आहेत. ते म्हणत होते की जतला दुष्काळ आहे, टँकरच्या पाण्यावर कुठे जाता? पण शालन हट्टाला पेटली. माझ्या चार लेकरांतलं ते एकच जगलं. तिचा हट्ट मी कधी मोडला नाही.

ती येण्याआधी घर पांढरं करायचं, आणि माझ्या हाताने.

१५ एप्रिल

बाजारातून चुनकळी आणली, कुंचा आणला, निळीची पुडी आणली. परसातल्या पिंपात कळी टाकून पाणी ओतलं तशी ती रटरटून उकळली. लहानपणी पाचगणीच्या कॉन्व्हेंटात मे महिन्यात असाच चुना विरवत. आम्ही मुली लांब उभ्या राहून बघायचो आणि सिस्टर ॲग्नेस पिंपाजवळ जाऊ द्यायच्या नाहीत. आज पिंप माझं होतं. मनसोक्त जवळ उभी राहिले.

आक्काताई कुंपणावरून ओरडल्या, "आवं सुभेदारीणबाई, माणसांला प्यायला न्हाई आन तुमी भिंतीला पाजताय व्हय?" मी लाजले. अंघोळीचं आणि तांदूळ धुतलेलं पाणी मी साठवलं होतं, तेच वापरलं असं सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, मग तुमच्या भिंतीला भाताचा वास येणार.

१९ एप्रिल

सोपा झाला. खांदे भरून आले आहेत आणि बोटांना चिरा पडल्या आहेत. खोबरेल लावते आहे.

आज मधली खोली घेतली. शालनची खाट इथेच टाकायची. दाराच्या बाजूला, जमिनीपासून थोडं वर, भिंतीत एक गमतीची गोष्ट सापडली. वीतभर जागा कोणीच कधी रंगवलेली नाही. आजूबाजूला वर्षानुवर्षांचे हात चढत गेले आणि ही जागा मात्र मातीचीच राहिली, त्यामुळे तिथे खळगा झाला आहे. कडेला कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर दिसतात: पिवळा, मग निळा, मग पोपटी, मग पुन्हा पिवळा.

सिस्टर ॲग्नेस फ्रॉकची दुमड उलटून आतली शिवण तपासायच्या. आमचे सुभेदार खोलीचे कोपरे आधी बघायचे. अशा दोघांच्या हाताखाली वाढलेली बाई खळगा कसा सोडेल? चुन्याचा घट्ट लगदा करून लांबी भरली, गुळगुळीत केली आणि वरून हात मारला. आता कुठे होता ते सांगताही येत नाही.

संध्याकाळी कौतुकाने आक्काताईंना दाखवायला नेलं. त्या उंबऱ्यावरच थांबल्या. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "तिची जागा सोडली न्हाई व्हय?"

मग सांगितलं. आधीच्या मालकांची एक सून याच खोलीत पहिल्या खेपेला गेली, मूलही गेलं. नाव गंगव्वा, कानडी मुलखातली पोर. तेव्हापासून घरातल्या बायका दर दिवाळीला चुना देताना तेवढी जागा उघडी ठेवत. तिथून ती बाहेर जाते आणि आपलं लेकरू शोधत हिंडते. जाऊ द्यावं. घरात कोंडू नये.

मला वाईट वाटलं. पण रीत ती रीत आणि भिंत ती भिंत.

२२ एप्रिल

मधल्या खोलीला दुसरा हात दिला. चुन्याची एक गंमत असते. ओला असताना तो नुसत्या गढूळ पाण्यासारखा दिसतो, खालचं सगळं त्यातून दिसतं. वाळत जातो तसा पांढरा होतो आणि खालचं झाकतो.

आज ओल्या भिंतीत एक आकृती दिसली. गुडघे पोटाशी घेऊन बसलेली बाई. डोकं खाली घातलेलं, अंबाड्याचा उंचवटासुद्धा कळत होता. गिलाव्यातली जुनी ओल असणार. कुंचा खाली ठेवून बराच वेळ बघत राहिले. भीती नाही वाटली, कीव आली. मीही अशी बसले आहे, तीनदा, अंबाल्याला एकदा आणि देवळालीला दोनदा.

भिंत वाळली आणि ती गेली.

३० एप्रिल

तिसरा आणि शेवटचा हात. ती आता समोरच्या भिंतीवर दिसली, खाटेजवळच्या. डोकं वर आहे. हात मांडीवर असे ठेवलेत, जसं काही घ्यायला बसली आहे. ओल सरकते का? सरकत असेल.

खोली वाळल्यावर बाळाचे कपडे ट्रंकेतून काढले. मी शिवलेली टोपडी, मऊ लुगड्यांची दुपटी. घड्यांवर चुन्याच्या बोटांचे ठसे होते. माझेच असणार. पण ट्रंक मी धुतल्या हातांनी बंद केली होती, आणि माझी बोटं या ठशांपेक्षा जाड आहेत.

सगळी दुपटी पुन्हा धुतली. पाण्याचा हिशोब नाही केला.

६ मे

शालन आली! दारात तुकडा ओवाळून टाकला आणि तिला मिठीत घेतलं, म्हणजे जेवढी मिठीत मावली तेवढी. जावई सोडून संध्याकाळच्या गाडीने परत गेले. शालन घरभर हिंडली. म्हणाली, "आई, तू पेंटर झालीस की गं!" कैरीचं पन्हं प्यायलो. दवाखान्याच्या नर्सबाई पाहून गेल्या. अजून तीन आठवडे तरी आहेत म्हणाल्या.

दुपारी ती मधल्या खोलीत झोपली आणि मी टँकरच्या रांगेत गेले. परत आले तर ती जागी होती. हसून म्हणाली, किती वेळ पोटावरून हात फिरवत होतीस, छान झोप लागली.

तिच्या पातळावर, पोटावर, पांढरा पंजा उमटला होता.

मी म्हणाले, हो, मीच. झटकून टाकलं.

८ मे

शालन अंघोळीला गेली तेवढ्यात ओलं फडकं घेऊन खाटेजवळची भिंत पुसली. भिंत गडद झाली. ती होती. मांडी घालून, माझ्याकडे तोंड करून. चेहरा फार लहान आहे, सोळा-सतरा वर्षांची असेल.

ऊन दारातून आत येतं. भिंत वाळायला लागली तशी ती वरून पुसट होत गेली, आधी कपाळ, मग डोळे. शेवटी नुसता पांढरा चुना.

आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात भांडं हललं. तिथे कोणी नव्हतं.

आता कळलं. ओल असते तेव्हा ती भिंतीत असते. मला वाटायचं वाळल्यावर ती जाते. वाळल्यावर ती भिंतीतून जाते, घरातून नाही.

९ मे

दिवसभर भिंत ओली ठेवली. शालनला सांगितलं, नवा चुना तडकू नये म्हणून पाणी मारायचं असतं. तिने विश्वास ठेवला. उलट खोली गार झाली म्हणून खूश आहे. कुठेही ठसा नाही, आवाज नाही. शालन शांत झोपली.

प्यायच्या पाण्यातलं पाणी वापरते आहे.

१० मे

लांबी खोदून काढली. विळ्याने, मग पहारीने. चुना दगडासारखा बसला आहे, पण खळगा पुन्हा मातीपर्यंत उघडा केला. भिंत वाळू दिली आणि शालनला घेऊन सोप्यात बसून राहिले.

थोड्या वेळाने मधल्या खोलीत खाट करकरली.

आक्काताईंना सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं, हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आता कशाला जाईल ती? भायेर शोधत हुती ते घरातच आलंय."

त्यांचे थोरले चिरंजीव, भाऊसो, परवा सकाळी जीप आणणार आहेत. सांगलीला मोठ्या दवाखान्यात न्यायचं. तिथे माझी मावसबहीण आहे. शालनला मी सांगितलं, इथे पाणी नाही म्हणून जायचं. एकच दिवस काढायचा आहे. घागरी भरून ठेवल्या.

११ मे

सकाळीच शालनच्या पोटात कळा सुरू झाल्या. वेळेच्या आधी, कितीतरी आधी.

नर्सबाई गावात नाहीत. रंगुबाई सुईण आली. पोटाला हात लावून म्हणाली, आता हलवायची न्हाई, जीपमदीच मोकळी व्हईल. मी म्हणाले, निदान आक्काताईंच्या घरी नेऊ. तिने मला झिडकारलं. "बाई, उंबरासुदीक वलांडायचा न्हाई."

टँकर आलेला नाही. आक्काताई रस्त्यावर जाऊन उभ्या आहेत.

मी भिंतीपाशी बसून फडकं फिरवते आहे. मधे मधे इथे लिहिते. लिहिलं नाही तर ओरडेन आणि शालन घाबरेल.

दुपार

ऊन भयंकर. एक हात फिरवून दुसऱ्या टोकाला जाते तोवर पहिलं टोक पांढरं.

ती भिंतीत आहे. उभी राहिली आहे. आज पहिल्यांदाच उभी. शालनकडे बघते. माझ्याकडे नाही.

तिच्याशी बोलले. हलकेच, शालनला ऐकू जाऊ नये असं. म्हणाले, गंगव्वा, माझेही गेले गं. तीन गेले. हे एवढं राहू दे—

तिचे ओठ हलले. कानडी मला कळत नाही.

दोन घागरी उरल्या.

एकच. रंगुबाईने एक नेली. गरम पाणी हवं म्हणते. मी नाही कशी म्हणू?

शालन हाका मारते आहे. आई, भिंत कसली पुसतेस, माझा हात धर. एका हाताने तिचा हात धरला, दुसऱ्या हाताने—

टँकर नाही.

रंगुबाई म्हणाली, रगत लय जातंय, ती घागर हिकडं द्या. मी घागर धरून उभी. ती ओरडली, "भिंतीला बाळंत करताय का लेकीला?"

दिली.

सगळी दिली. रंगुबाईने मला स्वयंपाकघरात पाणी तापवायला घालवलं, आत तुमी नगासा म्हणाली. चुलीपाशी बसले आहे. इथून भिंत दिसत नाही. एव्हाना वाळली असेल. पूर्ण पांढरी झाली असेल. किती हौसेने दिला होता रंग—

शालन ओरडली.

बाळ रडलं! रडलं. खणखणीत. देवा, रडलं.

रंगुबाई हसत आली गरम पाण्याला. मुलगी झाली म्हणते, लेक तुमची बरी हाय, डोळा लागलाय तिचा. मी विचारलं, बाळ एकटं कसं सोडलंस? म्हणाली, एकटं कुठलं, उशाला ती तुमची पोरगी बसलीय की, तिच्या मांडीवर दिलंय, लय मायेनं घेतलं—

घरात पोरगी नाही. रंगुबाई, घरात दुसरी कोणी—

बाळ रडायचं थांबलं. मी आत जा